विमान दीड तासाचं, वाट दिवसभराची



सिरोंचा भागातलं माझं काम सुटून बरीच वर्षं झाली, पण तिकडचे फोन अजून येतात. गेल्या पावसाळ्यात असाच एक फोन रात्री साडेनऊला आला. मुलगा मुंबईत नोकरीला, आई-वडील सिरोंचा तालुक्यातल्या एका गावात.

"डॉक्टरसाहेब, बाबांच्या छातीत सहा वाजल्यापासून दुखतंय. घामही आला होता. आता जरा बरं वाटतंय म्हणतात. मी उद्या दुपारचं नागपूर-मुंबई विमान बघून ठेवलंय. दीडच तासाचं आहे. संध्याकाळी इथं मोठ्या हॉस्पिटलात दाखवतो. रात्रीच गाडीनं निघाले तर चालेल ना?"

मी म्हणालो, "चालणार नाही. तिकीट राहू द्या. आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढायला सांगा. आत्ता, या क्षणी."

मुलाचं काही चुकलं नव्हतं. बापाच्या काळजीपोटी हाताशी होतं ते त्यानं केलं. मोबाईलवर दोन विमानतळांमधला वेळ बघितला आणि तोच उपचारापर्यंतचा वेळ धरला. ही चूक शिकलेली माणसं जास्त करतात. आणि सरकार जेव्हा दुर्गम भागाच्या आरोग्याचं बोलताना आधी विमानतळ आणि एअर अ‍ॅम्ब्युलन्सकडे बोट दाखवतं, तेव्हा तेही हीच चूक करतं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे आज समजावून सांगतो.

विमानाचं अंतर म्हणजे नेमकं काय?

दोन विमानतळांमधलं अंतर पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरच्या सर्वांत जवळच्या रेषेवर मोजतात. नागपूर ते मुंबई हे अंतर साधारण ६९० किलोमीटर भरतं. हैदराबाद ते मुंबई सुमारे ६२० किलोमीटर. प्रवासी विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगानं जातं. या हिशोबानं नागपूरहून मुंबई ५०-५५ मिनिटांत यायला हवी. मग वेळापत्रकात दीड तास का?

कारण वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि पुन्हा जागेवर उभं राहिलं की संपतो. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, उड्डाणाची पाळी येणं, हळूहळू उंची गाठणं, मुंबईजवळ उतरणाऱ्या विमानांच्या रांगेत लागणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे खुद्द विमानसुद्धा अंतर भागिले वेग या हिशोबानं पोचत नाही. आणि या दीड तासात विमानतळापर्यंत जाणं, तपासणी, थांबणं आणि पलीकडे उतरल्यावरचा रस्ता हे काहीच धरलेलं नसतं.

आता सिरोंचाहून हिशोब मांडू

सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. एका बाजूला प्राणहिता, दुसऱ्या बाजूला गोदावरी, पलीकडे तेलंगणा आणि पूर्वेला इंद्रावतीपल्याड छत्तीसगड. ब्रिटिशकाळात काही वर्षं सिरोंचा हेच अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. आज जिल्ह्याचं मोठं रुग्णालय तिथून दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे.

सिरोंचा ते नागपूर विमानतळ सरळ रेषेत साधारण २६५ किलोमीटर आहे. रस्त्यानं मात्र आलापल्ली, आष्टी, गडचिरोली करत पावणेचारशेच्या आसपास. आलापल्लीपर्यंतच्या शंभरेक किलोमीटरला पावसाळ्यात किती तास लागतात, ते तिथल्या एसटी ड्रायव्हरला विचारा.

माझा ढोबळ हिशोब असा:

- सिरोंचा ते नागपूर विमानतळ: ८ तास
- आजारी माणसाला घेऊन विमानतळावर आधी पोचणं, तपासणी, चढणं: २ तास
- विमान: दीड तास
- मुंबईत बाहेर पडून रुग्णालयात पोचणं: दीड तास

एकूण १३ तास. त्यात विमानाचा वाटा फक्त दीड तासाचा. उरलेले साडेअकरा तास रस्ता, रांग आणि वाट बघणं.

हैदराबादमार्गे गेलात तर विमानतळापर्यंतचा रस्ता तीनशे किलोमीटरच्या घरात येतो आणि बहुधा बराही असतो. दोनेक तास वाचतील. पण मग पुढचा साधा प्रश्न असा की हैदराबादपर्यंत पोचलेला हृदयरोगी पुढे मुंबईला कशासाठी न्यायचा? आणि हैदराबादच्याही बरंच आधी मंचेरियाल, करीमनगर, वरंगल लागतात, त्यांचं काय? सरळ रेषेत मंचेरियाल सिरोंचाहून ५५ किलोमीटरवर आहे, करीमनगर आणि वरंगल शंभराच्या आसपास. गडचिरोली शहर सरळ रेषेतच दीडशे किलोमीटर दूर आहे. राज्याची सीमा नकाशावर असते, हृदयाच्या रक्तवाहिनीला ती कळत नाही.

शरीराचं घड्याळ वेगळं चालतं

आजारी माणसाच्या बाबतीत किलोमीटर मोजून उपयोग नसतो. कोणत्या आजाराला किती वेळ हाताशी आहे, हे बघावं लागतं.

हार्ट अटॅक: हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं बंद होते आणि पुढचा स्नायू मिनिटागणिक मरू लागतो. ईसीजी पोचल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा. अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणं शक्य नसेल आणि ईसीजीत तसा अटॅक दिसत असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जागच्या जागी द्यावं, असं जगभरातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हे इंजेक्शन पहिल्या १२ तासांत देतात, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. त्यानंतर रुग्णाला मोठ्या केंद्रात हलवून साधारण २४ तासांच्या आत अँजिओग्राफी करायची. इंजेक्शनचा धोकाही आहे. शंभरात एखाद्याला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ते डॉक्टरनं प्रश्न विचारून, तपासूनच द्यायचं असतं. पण त्याला विमान लागत नाही.

पक्षाघात: मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅननंतरच. इथे सीटी स्कॅन असलेलं सर्वांत जवळचं ठिकाण गाठायचं. ते कोणत्या राज्यात आहे, हे बघत बसायचं नाही.

बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव: उपचार मिळाला नाही, तर धडधाकट बाई सरासरी दोन तासांत जाऊ शकते. दोन तासांत सिरोंचाहून गडचिरोलीसुद्धा गाठता येत नाही.

सर्पदंश: मण्यार चावली तर काही तासांत श्वासाचे स्नायू लुळे पडतात. प्रतिविषाच्या पहिल्या १० वायल जवळच्या आरोग्य केंद्रात लागल्या आणि श्वास थांबल्यास फुगा दाबत राहणारं माणूस अ‍ॅम्ब्युलन्समध्ये असलं, तर पुढचा लांबचा प्रवास जमतो. त्याविना निघालेली गाडी कितीही पळवली तरी उपयोग नाही.

जन्मल्यावर न रडलेलं बाळ: इथे घड्याळ एका मिनिटाचं आहे.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. यातला एकही आजार १३ तास थांबणारा नाही.

माझी स्वतःची एक चूक

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात छातीत दुखणारा एक शेतकरी माझ्याकडे आला होता. ईसीजीत अटॅक स्वच्छ दिसत होता. गुठळी विरघळवणारं औषध कपाटात होतं. पण मी ते तोवर एकट्यानं कधी दिलं नव्हतं. रक्तस्राव झाला तर नातेवाईक काय म्हणतील, वरिष्ठ काय म्हणतील, ही भीती मनात होती. मी चिठ्ठीवर "पुढील उपचारासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवीत आहे" असं लिहिलं आणि गाडीत बसवलं. आलापल्लीच्या अलीकडे तो गेला.

औषधानं तो वाचलाच असता, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण त्याला जी संधी मिळायला हवी होती, ती माझ्या कपाटात पडून राहिली. त्या दिवशी अंतर दोनशे किलोमीटरचं नव्हतं. माझ्या खुर्चीपासून कपाटापर्यंतचं होतं.

मग हेलिकॉप्टर?

हा प्रश्न हमखास येतो. गडचिरोलीत जखमी जवानांना हेलिकॉप्टरनं नागपूरला नेतात, पुरात अडकलेल्या रुग्णांसाठीही ते कधी कधी येतं. ते योग्यच आहे, आणि त्यानं जीव वाचले आहेत. पण रोजच्या आरोग्यसेवेचा पाया म्हणून ते बसेल का, याचा हिशोब करू.

हेलिकॉप्टरचा वेग ताशी २२० किलोमीटर धरा. नागपूर ते सिरोंचा सव्वा तास. पण ते आधी नागपूरहून यायचं आणि मग रुग्णाला घेऊन परत जायचं, म्हणजे अडीच तास. निरोप, परवानगी, इंधन, रुग्णाला उतरण्याच्या जागेपर्यंत आणणं यांचा किमान अर्धा तास. झाले तीन. तेही दिवसा आणि आकाश मोकळं असेल तर. आपल्याकडे रस्ते बंद होतात जुलै-ऑगस्टमध्ये, आणि ढग जमिनीला टेकलेले असतात तेही त्याच दिवसांत. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेच्या पुरानं तालुक्यातली गावंच्या गावं वेढली गेली होती. हेलिकॉप्टरची गरज असते नेमकी तेव्हाच उड्डाण सर्वांत अवघड असतं.

एअर अ‍ॅम्ब्युलन्सच्या विमानाला तर धावपट्टी लागते. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, पण सिरोंचाहून चंद्रपूरच सरळ रेषेत १४० किलोमीटर. शिवाय या विमानाचा खर्च लाखांत जातो आणि रुग्ण आधी स्थिर करून घ्यावा लागतो. म्हणजे पुन्हा गाडी तिथेच येते: स्थिर कोण करणार, कुठे करणार?

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण लोक देतात. तिथे जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नातून १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून उडत्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली आणि ती आजही चालते. पण त्या गोष्टीचा निम्मा भाग आपण सांगत नाही. विमानाच्या पाठोपाठ तिथे पायाने पेडल मारून चालणारा रेडिओ आला, आणि १९४२ पासून दूरच्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवल्या गेल्या. पेटीतल्या प्रत्येक औषधाला क्रमांक असायचा. डॉक्टर रेडिओवर सांगायचा, अमुक क्रमांकाचं औषध इतकं द्या. म्हणजे ज्यांच्याकडे विमान होतं, त्यांनीही आधी सल्ला आणि औषध रुग्णाच्या घरी नेलं.

हे आपल्या जिल्ह्यानं जगाला दाखवलंय

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गडचिरोलीतल्या खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नेहमीच्या व्यवस्थेतल्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. त्यासाठी कुठल्याही बाळाला शहरात उडवून नेलं नव्हतं. हेमलकशात १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पानं जे केलं, तेही हेच. दवाखाना लोकांजवळ नेला.

रस्त्याच्या बाबतीतही तेच दिसलं. पूर्वी सिरोंचाहून कालेश्वरमला जायला गोदावरी नावेतून ओलांडावी लागायची. पूल झाला आणि दक्षिणेकडची रुग्णालयं तासांनी जवळ आली. माझ्या मते या तालुक्यातल्या रुग्णांना कोणत्याही विमानतळापेक्षा त्या पुलाचा उपयोग जास्त झाला आहे.

म्हणून माझी मागणी अशी, आणि याच क्रमानं:

१. सिरोंच्याला चोवीस तास ईसीजी, तो वाचून सांगणारा तज्ज्ञ फोनवर, आणि गुठळी विरघळवणारं औषध हाताशी. ते देणाऱ्या तरुण डॉक्टरच्या पाठीशी वरिष्ठ उभे हवेत. मला त्या वेळी हाच आधार हवा होता.

२. रक्त साठवण्याची सोय, भूल देणारा आणि सिझेरियन करणारा डॉक्टर. वर्षातले ३६५ दिवस, सणावारालाही.

३. पावसाळ्यापूर्वी गावनिहाय यादी करून दिवस भरत आलेल्या बायकांना 'माहेरघरा'त आणून ठेवणं. रस्ता बंद होण्याआधीच अंतर संपवायचा हा सर्वांत स्वस्त उपाय.

४. आलापल्लीचा रस्ता बारमाही, आणि तेलंगणातल्या रुग्णालयांशी ठरलेली व्यवस्था. सीमेवर अ‍ॅम्ब्युलन्स बदलायची की नाही, योजनेचं कार्ड चालेल की नाही, हे रुग्ण गाडीत असताना विचारायचे प्रश्न नाहीत. आयुष्मान भारत कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, पण त्या रुग्णालयाचं नाव योजनेत आहे का, हे आजच विचारून ठेवा.

५. यानंतर हेलिकॉप्टर. जरूर हवं. पण पाचव्या क्रमांकावर.

"म्हणजे आमच्या भागानं विमानाची स्वप्नं बघायची नाहीत का?" असं एकानं मला रागानं विचारलं होतं. जरूर बघा. उद्योगाला, शिक्षणाला, पर्यटनाला विमानतळ हवाच. फक्त त्याला आरोग्यसेवा म्हणू नका.

विमानानं जायचंच असेल तर

स्थिर झालेला रुग्ण पुढच्या उपचारासाठी विमानानं जाऊ शकतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीसारखा नसतो. तो सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा असतो, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच. त्यामुळे रक्तातला प्राणवायू थोडा कमी होतो आणि शरीरात अडकलेली हवा फुगते. म्हणून:

- नुकताच हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा पोटाचं-छातीचं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय विमान नको.
- छातीत फुफ्फुसाबाहेर हवा साठली असेल, तर ती पूर्ण जाईपर्यंत अजिबात नको.
- हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली असेल, तर आधी तपासणी.
- आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. ज्यांच्यात फक्त वाहकपणा आहे, त्यांना सहसा अडचण येत नाही. पण सिकलसेलच्या रुग्णानं वेदनेचा झटका येऊन गेल्यावर किमान दहा दिवस थांबावं, भरपूर पाणी प्यावं, अंग उबदार ठेवावं आणि डॉक्टरांना विचारूनच जावं.
- चार तासांहून लांब उड्डाणात पायांत गुठळ्या होऊ शकतात. अधूनमधून उठून चाला.

शहरातल्या मुलामुलींसाठी

तुमचे आई-वडील अशा दूरच्या गावी राहत असतील, तर आजच चार गोष्टी कागदावर लिहून त्यांच्या घराच्या भिंतीवर लावा: सर्वांत जवळ ईसीजी कुठे निघतो, सापाचं इंजेक्शन कुठे मिळतं, रात्री गाडी कोण देईल, आणि १०८ हा क्रमांक. विमानाच्या वेळा त्या कागदावर नकोत.

छातीत दुखून घाम आला तर "बरं वाटतंय" यावर विश्वास ठेवू नका. डॉक्टरांना फोन करा. अ‍ॅलर्जी, अल्सर, रक्तस्राव असं काही नसेल, तर ते तुम्हाला ३०० मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन चावून खायला सांगतील. आणि लगेच निघा, पण सर्वांत जवळच्या ठिकाणाकडे.

त्या रात्री साडेदहाला ईसीजीचा फोटो माझ्या मोबाईलवर आला. अटॅकच होता. तिथल्या तरुण डॉक्टरशी बोललो. त्यांनी धीर करून इंजेक्शन दिलं. अकराच्या सुमारास. दुखणं सुरू झाल्याला पाच तास झाले होते, अजून लवकर झालं असतं तर बरं होतं. पण छातीतली कळ उतरली. पहाटे अ‍ॅम्ब्युलन्स पूल ओलांडून तेलंगणात गेली आणि दुपारी अँजिओग्राफी झाली. मुलानं बघून ठेवलेलं विमान त्याच सुमारास नागपूरहून सुटलं असेल.

दोन महिन्यांनी मुलाचा पुन्हा फोन आला. "डॉक्टरसाहेब, आता आणू का बाबांना विमानानं? नातवाला बघायचंय म्हणतात."

मी कागद तपासले आणि म्हणालो, "आता खुशाल आणा. खिडकीची जागा द्या त्यांना."